पाच हजार मीटरची वर्षं

पुणे

तीर्थरूप आप्पा,

पुनमचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी बरी हाय. जेवण चांगलं मिळतं, आईला सांगा. केळीला पाणी पुरतंय ना?

पाच हजार मीटर सोडून आता शंभर कशापायी, असं तुम्ही फोनवर विचारलं. तवा बोलता आलं न्हाई, म्हणून लिहिते. इथल्या खेळाच्या केंद्रातल्या नव्या सरांनी माझ्या उड्या आन् छोट्या धावा तपासल्या. म्हणाले, "तुझे स्नायू झटक्यात जोर देणारे आहेत, पण लवकर थकतात. तुला लांब पळायला कुणी लावलं?"

मी तुमचं नाव घेतलं न्हाई.

परवा पहिल्यांदा शंभर मीटर पळाले. चौथी आले. सर घड्याळ बघून हळूच म्हणाले, "पंधराव्या वर्षी आली असतीस तर..." मला लई रडू आलं.

आप्पा, मनाला लावून घेऊ नका. अर्धापुरात हे कुणाला ठाव होतं? रोज पहाटे तुम्ही उठवलं, म्हणूनच पळायला शिकले.

धाकट्या सुकन्याला मात्र सध्या लांब पळवू नका. सुट्टीत आले की आपण दोघं तिला पळताना नीट बघू.

तुमचीच,
पुनम