प्रज्ञाच्या नावाची उत्तरं

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज लबाडी केली. लिहून टाकते, म्हणजे पोटातून निघून जाईल.

प्रज्ञाच्या वृषाली मॅडमनं दहावीच्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. विज्ञानाचा. रोज सकाळी एक प्रश्न टाकतात, बोलून. सांजेच्या आत उत्तर द्यायचं, नाही तं नावापुढे लाल फुली. आता घरात मोबाईल एक, अन् तो माझ्याजवळ. शेतात न्यावाच लागते. उद्या कोणाच्या वावरात वेचणी, ते मुकादम त्याच्यावरच सांगतो. पोरगी शाळेत अन् तिचा प्रश्न माझ्या कमरेला! एका आठवड्यात चार फुल्या.

आज डब्बा खाता खाता प्रश्न ऐकला. सकाळी वेचलेला कापूस जड, दुपारचा हलका — काऊन? अरे बाप्पा! हे तं मी वीस वर्षांपासून पदराच्या ओटीत बांधून राहिली! दव पडते, कापूस ओल धरतो, ऊन चढलं की ओल उडून जाते. एका एका अक्षराला शोधत टाईप केलं अन् पाठवलं. ग्रुपमध्ये माझ्या नंबरावर नाव प्रज्ञाचंच आहे.

सांजेला मॅडमनं लिहिलं — शाब्बास प्रज्ञा, सगळ्यात आधी तुझं उत्तर. मी तीनदा वाचलं.

१९ नोव्हेंबर

प्रज्ञाला सांगितलं. हसली. म्हणे बरं झालं, एक फुली वाचली. हिचे बाबा जिनिंगच्या कामावरून आले, त्यांना काही सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज पाचवं बरोबर! पाच!

कलाबाई माझ्या बाजूच्या ओळीत वेचते. तिनं विचारलं, तू कापूस वेचते का मोबाईल वेचते? मंग तिलाही ऐकवलं. आता मोबाईल मोठ्या आवाजात ओटीला खोसून ठेवते, चार ओळींपर्यंत ऐकू जाते. मॅडम सांगून राहिल्या आम्लाचं अन् अल्कलीचं, आणि बाया वेचता वेचता भांडून राहिल्या — चिंच कशात, खायचा सोडा कशात! मुकादम म्हणाला, काम करा. कलाबाईनं त्यालाच विचारलं, राख कशात येते सांगा. गेला निघून.

नववीत असताना माझं लग्न झालं. त्याच्यानंतर मले कोणी काही विचारलंच नाही. भाजीत मीठ किती, एवढंच. आता रोज सकाळी कोणीतरी विचारते अन् मी दिवसभर विचार करते. खूप बरं वाटते. इतकं बरं वाटते की लाजही वाटत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमनं सांगितलं, घरातलं विज्ञान शोधा अन् व्हिडिओ पाठवा.

मी संत्र्याचा केला. मोबाईल पिठाच्या डब्ब्याला टेकवला, दिवा लावला, ताजी साल दुमडून ज्योतीवर पिळली. तडतड ठिणग्या! लहानपणी हेच करून मार खाल्ला होता. बोलली नाही, आवाज ओळखतील म्हणून. खाली लिहिलं — सालीत तेल असते, त्याचे बारीक थेंब उडतात अन् पेटतात.

प्रज्ञा म्हणाली, आई, आता पुरे. मी म्हटलं, हा एकच.

२ डिसेंबर, मंगळवार

मॅडमनं तो व्हिडिओ फेसबुकवर टाकला. सौसर, मोहगाव, कुठून कुठून लोकांनी पाहिला. तेराला पांढुर्ण्यात विज्ञान मेळावा आहे — तिथं हा प्रयोग करून समजवायला प्रज्ञाची निवड झाली!

मी तं नाचायचीच बाकी होती. दारातच तिला मिठी मारायला गेली. तिनं दप्तर फेकलं.

वर्गात मॅडम तिलाच उभं करतात म्हणे. तू सांग, तू हुशार आहे. ती उभी राहते अन् तोंडातून शब्द निघत नाही. पोरं हसतात. मॅडमना वाटते, पोरगी लाजते. हे पंधरा दिवस चालू आहे अन् मले घरात बसून पत्ता नाही!

म्हणाली, "आई, तू मले हुशार नाही केलं. चोर केलं."

जेवली नाही. मीही नाही.

६ डिसेंबर

सकाळी विहारात गेलो तिघं. प्रज्ञा माझ्या बाजूला बसली, पण अंतर ठेवून. आज ग्रुपमध्ये काही पाठवलं नाही. लाल फुली पडली. पडू दे.

८ डिसेंबर, सोमवार

मेळाव्याला पाच दिवस. तिला प्रयोग शिकवायला बसली तं तिनं तोंड फिरवलं. मी तुझं पाठ करून बोलणार नाही, म्हणे. पोरगी खरी आहे. माझ्यापेक्षा खरी.

सांगून टाकायचं आहे. हात मोबाईलवर जातो अन् परत येतो. प्रज्ञाचं नाव मेळाव्यातून काटतील, हे एक भेव. दुसरं भेव लिहायला लाज वाटते, पण लिहिते — मंग मले कोणी प्रश्न विचारणार नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

केलं. एकट्या मॅडमला पाठवायचं होतं, मंग वाटलं, लबाडी सगळ्यांच्या समोर केली, कबुली लपून कायले? ग्रुपमध्येच बोलली. वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभी राहून.

"मी प्रज्ञाची आई, शकुंतला. अठरा तारखेपासून सगळी उत्तरं माझी आहेत. व्हिडिओतला हातही माझा. पोरीनं नाही म्हटलं होतं, मीच ऐकलं नाही. फुल्या मारायच्या तं माझ्या नावानं मारा."

पाठवलं अन् पुन्हा वेचायला लागली. ओटी भरून आली तरी रिकामी करायचं सुचलं नाही.

तासाभरानं ग्रुपमध्ये एक आवाज आला. प्रज्ञाच्या वर्गातल्या अंकुशचे आजोबा, भगवंतराव. घसा खाकरून म्हणाले, आमच्या अंकुशची उत्तरं मी देऊन राहिलो मॅडम, पोट्टा क्रिकेट खेळते. त्याच्यानंतर एक मावशी. मंग कोणाचा तरी मोठा भाऊ. सांजेपर्यंत सात जण! कलाबाई हसून हसून धुऱ्यावर बसली. मीही हसली, अन् मधेच रडली.

१० डिसेंबर

मॅडम स्कूटीवर वावरातच आल्या. माझा हात हातात घेतला, बोटं पाहिली. बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली. म्हणाल्या, व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहिला तेव्हाच संशय आला होता, पंधरा वर्षांच्या पोरीची बोटं अशी नसतात. तुम्ही सांगता का, हे पाहून राहिली होती.

मले वाटलं, झालं, आता चांगलं म्हणतील. नाही म्हटलं! "तुमची उत्तरं बरोबर होती, शकुंतलाबाई. पण प्रज्ञाचे शिकायचे तीन आठवडे तुम्ही खाल्ले."

खरं होतं.

आता रोजचा प्रश्न शाळेच्या फळ्यावरही लिहिणार, म्हणजे मोबाईल कोणाकडे, याचा सवालच नाही. अन् प्रज्ञा मेळाव्याला जाईल, पण ठिणग्या काऊन उडतात, ते तिनं स्वतः समजून सांगितलं तरच.

११ डिसेंबर

प्रज्ञा स्वतःहून जवळ येऊन बसली. मी नुसती साल पिळली. ती विचारत गेली — जुनी साल काऊन नाही पेटत? लिंबाची पेटते का? हे मले कुठं माहीत होतं! दोघींनी लिंबू, मोसंबी, वाळलेली साल, सगळं करून पाहिलं. घरभर संत्र्याचा वास. हे म्हणाले, दिव्यातलं तेल संपलं, आता जेवायला द्या. पोरगी हसली. आठ-दहा दिवसांनी हसली.

१३ डिसेंबर, शनिवार

पांढुर्णा. मांडवात गर्दी. मी मागे उभी.

प्रज्ञानं लिंबू, संत्रं, वाळलेली साल, तिन्ही करून दाखवलं. अडखळली नाही. एका सरांनी विचारलं, हे कोणत्या चॅनलवर पाहिलं? म्हणाली, आईजवळ शिकली, अन् अर्धं आम्ही दोघींनी शोधलं.

बक्षीस नाही मिळालं. उरलेली संत्री घरी येताना तिगावच्या गाडीत खाल्ली. इतकी गोड!

१६ डिसेंबर, मंगळवार

मॅडमचा फोन. शाळा सुटलेल्यांच्या ओपन बोर्डाचा माझा दहावीचा फॉर्म भरून राहिल्या होत्या. विद्यार्थ्याचं नाव विचारलं. मी सवयीनं प्रज्ञा म्हणून गेली.

प्रज्ञानं मोबाईल माझ्या हातातून घेतला. "मॅडम, प्रज्ञा नाही. शकुंतला लिहा."