कांतिवर्धिनीची बाटली आणि राजेश्वरच्या आज्या

राजेश्वर, मार्गशीर्ष वद्य पंचमी

सौभाग्यवती अक्कास,

धाकट्या नलूचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? मुलांच्या परीक्षा, नव्या म्हशीचं दूध, भाऊजींचा खोकला, सगळं सविस्तर कळव. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर मी इतकी थकले आहे, की काल हजेरी घेताना माझंच नाव पुकारलं. मुलींनी माझ्या वतीने 'हजर' म्हटलं म्हणून निभावलं.

मारुतीच्या देवळामागची मुलींची शाळा माझ्या गळ्यात पडली आहे, हे तुला ठाऊकच आहे. तिची परवानगी दर साली नव्याने मागावी लागते, आणि मुली कमी दिसल्या की साहेब लोक मान हलवतात. तर दिवाळी झाली आणि शाळेच्याच भिंतीवर कुणीतरी एक रंगीत जाहिरात डकवून गेलं. 'कांतिवर्धिनी' नावाचं टॉनिक, बाळंतिणींसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी. डावीकडे एक वाळकी बाई, उजवीकडे तीच बाई गरगरीत, गाल डाळिंबासारखे. खाली मोठ्या अक्षरांत, 'निव्वळ द्राक्षांचा रस, उपासाला चालणारा'. आमची वाचनाची पुस्तकं उंदरांनी खाल्लेली (त्यांनाही कवितांपेक्षा धडेच जास्त आवडले), म्हणून म्हटलं, चला, आज हेच वाचू. तिथेच माझी साडेसाती सुरू झाली.

वाचून झाल्यावर मी मुलींना विचारलं, हे कोण सांगतंय, आणि आपण ऐकलं तर फायदा कुणाचा? बस, एवढंच. बसव्वा म्हणून एक पोर आहे, बिनआईची, आजीने वाढवलेली. ती चित्राला नाक लावून म्हणाली, "बाई, ही एवढी जाड झाली तर बांगड्या त्याच कशा? मनगटात रुतून फुटायला पायजेत की." दुसरीने चोळीही तीच असल्याचं दाखवलं. तिसरी म्हणाली, वाळक्या बाईला कुंकू लावलेलं नाही, निम्मा आजार तर त्यानेच दिसायलाय. अक्का, मला इतका अभिमान वाटला की मी त्यांना लवकर सोडलं. दुसऱ्या दिवशी बसव्वा घरून रिकामी बाटली घेऊन आली आणि झाकणावरच्या शिक्क्यातली अक्षरं लावू लागली. इथली सरकारी भाषा म्हणून उर्दू अक्षरं आम्हाला शिकवावीच लागतात, त्यांचा आजवर झालेला हा पहिला उपयोग. तिने वाचलं, 'आबकारी'. दारूवरच्या सरकारी कराचा, शिंदीच्या दुकानाच्या पाटीवर जो शब्द असतो, तोच. तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत दारूचं प्रमाण छापलं होतं, ते मी लावलं. ते शिंदीपेक्षा जास्त निघालं.

आता तुला सांगायचं राहिलं, की गावातल्या यच्चयावत आज्या कांतिवर्धिनी घेत होत्या. एकादशीला तर जरा जास्तच, कारण द्राक्ष हे फळ. मुलींनी घरी जाऊन माझे दोन्ही प्रश्न विचारले, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा. शाळेत घातल्यापासून पोरी उलट बोलायल्यात, असा आज्यांचा निरोप आला.

बाजाराच्या दिवशी कंपनीचा एजंट शिवशंकरप्पा ग्रामोफोन घेऊन आला. उरलेल्या मुलींना घेऊन मीही गेले (जाऊ नकोस असं आमच्याकडे 'हे' म्हणत होते, म्हणून तर गेलेच). "लहान लेकराला बी चालतं," असं तो म्हणताच बसव्वा म्हणाली, "मग तुमीच प्या की." चारचौघांत माघार कशी घेणार? त्याने एक बाटली संपवली. दुसरी निव्वळ हट्टाने संपवली. मग ग्रामोफोनच्या कर्ण्यात तोंड घालून रडला, आणि सगळ्या बाजाराला सांगून टाकलं, की चित्रातली बाई त्याची बायको आहे, ती जन्मापासून जाडी आहे आणि तिने बाटलीला कधी हात लावलेला नाही. मला वाटलं, जिंकले. पण आज्या घरी जाताना म्हणत होत्या, "किती मनातलं बोलला बिचारा! औषधाचा गुण हाय." आणखी काही मुली घरी बसल्या. मी परवानगीचा अर्ज लिहायचाच सोडून दिला.

मग एका दुपारी बसव्वाची आजी, वच्छलाबाई, एकटीच शाळेत आली. भांडायला आली असेल म्हणून मी पदर खोचला. तिने पदराखालून बाटली काढली आणि म्हणाली, "वाच." मी वाचलं. "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. ती खाली बसली. तिचा मुलगा, म्हणजे बसव्वाचा बाप ग्यानबा, शिंदी पितो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. "बाई," ती म्हणाली, "सून मेल्यापासून तो प्यायला लागला. पिणाऱ्याला घरात जागा न्हाई म्हणून त्याचं ताट म्या ओसरीवर मांडते. आता माजं ताट कुठं मांडू?"

अक्का, मी आपलं तिला पाणी दिलं.

पुढचं बसव्वाने सांगितलं. त्या संध्याकाळी म्हातारीने आपलंही ताट ओसरीवर नेलं आणि लेकाशेजारी बसली. तो म्हणाला, "कामून गं आई?" तिने सांगितलं. तो हसला नाही. उठला, दोघांचीही ताटं उचलली आणि आत नेऊन मांडली. शिंदी त्याने सोडलेली नाही, फक्त अलीकडे दिवेलागणीला घरी असतो. म्हातारीने मात्र टॉनिक सोडलं, आणि गुडघे दुखले की माझं नाव घेऊन शिव्या देते. शाळेपर्यंत ऐकू येतात. पण दुसऱ्या दिवशी बसव्वाला हाताला धरून तीच घेऊन आली, आणि वाटेत दारोदार थांबून इतर आज्यांना म्हणाली, "आपल्याला वाचता येत न्हाई म्हणून पाजलं. पोरींना तरी येऊ द्या." वर्ग भरला आहे. मला आता झोप हवी आहे.

तुझी,
नलू

ता. क. पत्र लिहायचं मुख्य कारण राहिलंच. वच्छलाबाईचं ऐकून आज्यांनी आणून टाकलेल्या भरल्या बाटल्या पुढच्या धड्यासाठी मी शाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत. त्या रोज थोड्या थोड्या कमी व्हायल्यात. 'हे' म्हणतात, इकडची हवा कोरडी, उडून जात असेल. उडते खरी, पण ज्या दिवशी उडते त्या दिवशी हे जेवताना गातात. तरी गुलबर्ग्याहून एक चांगलं दणकट कुलूप पाठव. किल्ली वेगळ्या टपालाने, माझ्याच नावावर.

ता. क. दुसरा. खोकल्यासाठी हवापालट म्हणून भाऊजींना इकडे पाठवायचं तू लिहिलं होतंस. अवश्य पाठव. पण कुलूप पोचल्याचं माझं कार्ड आल्यावर.