म्होरक्याच्या मागून

१२ जून
पोचले एकदाची. आईने तळून बांधून दिलेल्या बोरसोक पुऱ्यांपैकी निम्म्या नारिन शहर येण्याआधीच संपल्या. कुरणावर दोनच युर्ती, लोकरीचे गोल तंबू. एक आमची, उपकरणांनी खचाखच भरलेली, आणि दुसरी मेंढपाळ तुर्दुबेक-आके, म्हणजे तुर्दुबेकदादांची. कुंदुझ-एजे, माझ्या कुंदुझताई, 'मेरिम, मेरिम' करत जीपपर्यंत धावत आल्या. बाबा गेले तेव्हा याच बाई चाळीस दिवस रोज आमच्या घरी येत होत्या. त्यांच्या हाताखाली काम करायला मिळणार, यावर अजून विश्वास बसत नाही. हरवलीस तर सापडशील म्हणून त्यांनी एक लहानशी डबी माझ्या गळ्यात घातली.

१३ जून
आज एजेंनी बनवलेला यंत्रबोकड पाहिला. बांधा खऱ्या बोकडाचा, अंगावर कातडंही खरंच. तो मेंढ्यांतच राहतो आणि त्या कुणामागे का जातात हे आपलं आपण शिकतो. एखादी मेंढी त्याच्यामागे एक पाऊल आली की त्याला गुण मिळतो. मग तीच युक्ती तो पुन्हा वापरतो.
आकेंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मेंढीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे तरी कळतं का, की तेही यंत्रच सांगणार, असं विचारलं. मी शेपूट बरोबर दाखवली, तेव्हा कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा मिळाला. त्यांचा जुना म्होरक्या बोकड, नाव चाल, आजारी आहे. एजेंनी त्याला उपचाराला खाली पाठवलंय.

१९ जून
आज सगळा कळप, तीनशे दहा मेंढ्या, यंत्रबोकडाच्या मागून ओढ्यापलीकडे गेला. काल त्याने कोकरासारखं ओरडून पाहिलं, आज थांबून मागे वळून बघायला शिकला. आकेंनी मेंढ्या पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाले, चाल बोकडाला हे जमायला तीन वर्षं लागली होती. एजेंनी मला जवळ घेतलं. घरी पत्र लिहायला हवं.

२४ जून
आके सकाळी आमच्या युर्तीत आले, बसले नाहीत. यंत्रबोकडाच्या डाव्या कानाला दुहेरी खाच आहे, ती त्यांनी स्वतःच्या सुरीने चालच्या कानाला पाडलेली आहे, असं म्हणाले. चाल म्हातारा होता, तसाही फार दिवस काढणार नव्हता, आणि मेंढ्यांना ओळखीचा वास लागतो, असं एजेंनी चहा ओतता ओतता सांगितलं. आवाज जराही बदलला नाही.
आके माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला ठाऊक होतं, पोरी?"
नव्हतं. मी नुसती नाही म्हणून मान हलवली, पण त्यांना ते खरं वाटलेलं दिसलं नाही.

२७ जून
गेले तीन दिवस यंत्रबोकड कळपाला कुरणाच्या टोकाच्या कड्याकडे नेतोय, रोज थोडं पुढे. आज तो अगदी टोकाला थांबला. मागच्या मेंढ्या थांबल्या नाहीत.
अकरा खाली गेल्या.
मी थांबवा म्हणून ओरडत होते. एजे वहीत लिहीत होत्या. भरवसा बसला की मागून येणारा कुठपर्यंत येतो आणि कुठे थांबतो, हाच आपला प्रश्न आहे बाळ, असं त्या म्हणाल्या. मी बाबांसाठी रडले तेव्हा याच स्वरात समजूत काढायच्या.

२८ जून
धुकं. युर्तीचं दारही नीट दिसत नाही. एजे सकाळीच जीप घेऊन खाली गेल्या, फोनही नेला. उद्या येते म्हणाल्या.
त्यांची वही राहिली. की मुद्दाम ठेवली — कळत नाही. तिच्यात प्रत्येक मेंढीला एक ओळ. मेंढ्या तीनशे दहा. पण ओळी तीनशे बारा.
तीनशे अकरा: तुर्दुबेक. कळपापाठोपाठ जातो. दहापैकी दहा वेळा.
तीनशे बारा: मेरिम. कोकराचा आवाज — सहापैकी चार वेळा मागे आली. ओळखीच्या माणसाचा आवाज — अजून तपासायचा आहे.
माझ्या ओळीतली पहिली नोंद १२ जूनची. मी बोरसोक वाटत होते तेव्हाची.
गळ्यातली डबी काढून चुलीत टाकली. आकेंना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्या बाईने माझ्या घरचं मीठ खाल्लं होतं. बस, एवढंच.

२९ जून, सकाळ
यंत्रबोकड पहाटेच उरलेला कळप घेऊन गेला. यंत्र बंद करायची चावी एजेंकडे. आके दांडका घेऊन निघाले. मी हात धरला, वही पुन्हा दाखवली. तुमची ओळ, आके, दहापैकी दहा. त्यांनी हात सोडवला. मेंढ्या माझ्या आहेत, म्हणाले.

दुपार
आले नाहीत.
खाली चालत जायचं तर कड्याजवळूनच वाट — आणि दहा पावलांपुढचं काही दिसत नाही.

नंतर
हाक आली. आकेंचीच. पोरी, पाय मोडलाय, दोर आण.
कड्याकडून.
मी ओरडून विचारलं, तुमच्या आईचं नाव काय.  पुन्हा तेच — पोरी, पाय मोडलाय, दोर आण. तेच शब्द. तसाच दम लागलेला.
दुखणारा माणूसही तेच तेच बोलतो.

पुन्हा हाक. आता बारीक झालीय. मी नाही गेले आणि ते खरंच तिथे असले तर —
दोराचं एक टोक युर्तीच्या खांबाला बांधलंय. दुसरं कमरेला. दोर कड्यापर्यंत पुरतो की नाही, माहीत नाही. एजेंची वही इथेच ठेवते, कुणाला मिळाली तर एजेंना परत देऊ नका, त्यात —

हाक थांबली. दाराबाहेर कुणीतरी उभं आहे. कुंदुझ-एजेंच्या आवाजात मला बाळ म्हणतंय. जीपचा आवाज तर आलाच नाही—