लुगडं सुखरूप आहे

जे. पी. नगर, बेंगळुरू
मंगळवार, दुपार

ती. सौ. ताईस,

धाकट्या सुनंदाचा वाकून नमस्कार. (वाकले खरंच, पण सरळ होताना ह्यांना हाक मारावी लागली. तेव्हा आशीर्वाद देशील तो दोघांना पुरेल असा दे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? सिद्धीच्या पायांची सूज उतरली का? तिला म्हणावं, मावशीने बजावलंय, पाय लोंबकळत सोडून तासन्‌तास मोबाइल बघू नकोस. आम्ही सगळे मजेत आहोत. पाकीट बघून तुझ्या मनात पहिल्यांदा येईल की कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुझा फोन भावोजी उचलतात आणि स्पीकरवर टाकतात, मग आपलं बोलणं तुमच्या दूधवाल्यापर्यंत जातं. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर घरच्या ग्रुपवर आमच्या विहीणबाई आहेत, आणि मी मेसेज लिहायला घेतला की त्यांचा अंगठा आधीच वर आलेला असतो. म्हणून हे तू एकटीने वाच, देवघराचं दार लावून.

तू परवा विचारलंस, आईचं लुगडं कधी पाठवतेस, आणि मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. ताई, लुगडं सुखरूप आहे. कुठे आहे ते पुढे येईलच. आधी बसून घे.

मला सगळं कळतंय गं. आपल्या घरातलं प्रत्येक बाळ दवाखान्यातून आलं की उंबऱ्यातच आईच्या त्या जांभळ्या इरकली लुगड्यात गुंडाळायचं, मग आत घ्यायचं, हे काही मला कोणी नव्याने सांगायला नको. सिद्धीला त्यातच घेतलं, माझ्या निहारला त्यातच घेतलं (निहारने त्याची परतफेड तिथल्या तिथे केली, तो डाग अजून काठाशी आहे). आता सिद्धीचे दिवस भरत आलेत, आणि लुगडं नसेल तर तू बाळाला पायरीवर उभं ठेवशील, हेही मी जाणून आहे. तेव्हा रागावण्याआधी सगळं ऐकून घे, कारण यात माझी चूक फारच थोडी आहे आणि ह्यांची भरपूर.

झालं असं, की आमच्या सुखदाचे आईवडील, म्हणजे तुमच्याच नागपूरचे उपेंद्रराव आणि कल्पनाताई, लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला यायचे होते. झालं, सूनबाईंनी घर आवरायला काढलं. मी म्हटलं, आवर बाई, कोळीष्टकं काढ, पंखे पूस. पण हल्ली आवरणं म्हणजे पुसणं नव्हे, हल्ली आवरणं म्हणजे टाकणं. तिचा नियम असा की वर्षभरात जी वस्तू वापरली नाही ती घराबाहेर. (या नियमाने मी ह्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतलं, पण सुखदा म्हणाली, माणसं धरायची नाहीत.) ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्याबसल्या एका हाताने माझं कपाट उपसायची आणि कानातल्या यंत्रातून कोणा अमेरिकेतल्या माणसाला ‘येस, दिस कॅन गो’ म्हणायची, तेव्हा ते त्याच्या कामाबद्दल होतं की माझ्या परकरांबद्दल हे शेवटपर्यंत कळलं नाही. पोर गुणी आहे, मनाने मोकळी आहे, पण तिच्या हातात काळी पिशवी आली की मी कपाटाला पाठ लावून उभी राहायचे. माझा इडलीचा जुना स्टँड गेला, एका कानाची कढई गेली, आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचा कापडी फलक, जो मी कधीतरी उपयोगी पडेल म्हणून इतकी वर्षं जपला, तो तर जाता जाता मी पिशवीतून ओढून काढला.

तेव्हा मला युक्ती सुचली. म्हटलं, मी पाहुण्यांसाठी गोधडी शिवते. सुखदा इतकी खूश झाली, म्हणाली, आई, हे तर किती छान, जुन्याचा पुनर्वापर! बस्स. त्या दिवसापासून जे जे पिशवीत जायचं ते ते मी गोधडीत घालायला लागले. आपली आई शिवायची तशीच, खाली एक थर, वर एक थर, मधे घरातलं सगळं भूतकाळ झालेलं कापड, आणि धावदोरा. ह्यांच्या फाटक्या लुंग्या, माझे परकर, बैठकीचा जुना पडदा, निहारचा शाळेचा गणवेश, आणि सगळ्यांच्या मधोमध तो गणपतीचा फलक. (त्यामुळे कुशीवर वळलं की गोधडी किंचित कुरकुरते. मी सांगते, नवी आहे म्हणून.) घर कसं लख्ख रिकामं दिसायला लागलं आणि गोधडी फुगायला लागली. वरून घालायला मात्र चिकपेटला जाऊन कोरं फुलाफुलांचं कापड आणलं, कारण विहिणीला जुनेर पांघरायला दिलं असं उद्या नागपूरभर झालं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

आता लुगड्याचं. ते माझ्या कपाटात खालच्या खणात, मलमलीत गुंडाळलेलं. सुखदा त्या खणाशी येऊन बसली आणि माझा धीर सुटला. सरळ सांगायला हवं होतं की बाई, ही माझ्या आईची ठेव आहे, तिने लगेच हात जोडले असते. पण माझं डोकं त्या वेळी पिशवीच्या धाकाने चालत होतं. मी लुगडं उचललं आणि जमिनीवर पसरलेल्या अर्धवट गोधडीच्या थरांत सारून दिलं, अगदी तात्पुरतं. म्हटलं, ही उठली की काढते. तेवढ्यात पोळ्या करायच्या होत्या म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

आणि इथे ह्यांचा प्रवेश झाला. जन्मभर सरकारी कारखान्यात विमानांचे भाग तपासले, निवृत्त झाल्यापासून तपासायला काही उरलं नाही, म्हणून माझे टाके तपासतात. ह्यांचं मत, माझा धावदोरा वाकडा जातो आणि त्यामुळे भार समान वाटला जात नाही. (गोधडीवर भार! कोण उतरणार होतं तिच्यावर, विमान?) मला अचानक आनंद द्यावा म्हणून ह्यांनी ते सगळं घोंगडं तसंच्या तसं गुंडाळलं, रिक्षात घातलं आणि चामराजपेटला पिराजी गादीवाल्याकडे नेलं. पिराजीचं घराणं कैक पिढ्या इथलं, मराठी बोलतो ती निम्मी कानडीत भिजवून. तो बिचारा म्हणाला, सर, स्वल्प जाड आहे, उघडून बघू का आत काय काय आहे ते? तर हे म्हणाले, नको, सगळं मोजूनमापून घातलेलं आहे. वर पट्टी-पेन्सिलीने चौकटी आखून दिल्या, इतक्या जवळजवळ, की त्यातून मुंगीसुद्धा बाहेर यायची नाही. मशीनवर तिहेरी शिलाई. संध्याकाळी गोधडी घेऊन दारात उभे, चेहरा असा की जणू उपग्रह सोडून आलेत. आणि त्यांच्या मागोमाग, त्याच लिफ्टमधून, बॅगा घेऊन उपेंद्रराव आणि कल्पनाताई.

मी काय करणार होते, सांग. सुखदाने ती गोधडी माझ्यादेखत त्यांच्या पलंगावर अंथरली. कल्पनाताई हात फिरवून म्हणाल्या, अवो बाप्पा, किती वजनदार! आत काय घातलंय जी? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की सगळं कोरं आहे, खास तुमच्यासाठी चिकपेटहून आणलंय. आता एकदा कोरं म्हटल्यावर ‘जरा उसवून माझ्या आईचं लुगडं काढते’ असं म्हणायची सोय राहिली का? उसवलं असतं तर पहिल्यांदा ह्यांची लुंगी बाहेर आली असती, आणि तिच्यापाठोपाठ ‘महाप्रसादाचा लाभ घ्यावा’.

प्रयत्न मात्र मी केला. दुसऱ्या दिवशी दुपारी सुखदा आईला घेऊन साड्या बघायला गेली, हे बँकेत गेले. उपेंद्रराव जेवून त्या गोधडीखाली आडवे झाले होते आणि घोरण्याचा आवाज छान लयीत येत होता. मी बारीक कात्री घेऊन पायथ्याशी जमिनीवर बसले आणि कोपऱ्याची शिलाई शोधायला लागले. ह्यांच्या चौकटींना शिव्या देत एक टाका सोडवला असेल नसेल, तोच घोरणं थांबलं. वर बघते तर उपेंद्रराव उठून बसलेले, आणि मी, मुलाची आई, त्यांच्या पायांवर डोकं टेकवून! बिचाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मुलीच्या बापाच्या पायाशी वरमाय! ‘अहो ताई, काय करून राहिले तुम्ही?’ म्हणत त्यांनी पलंगावरून उडी मारली आणि माझ्या पाया पडले. मग मला पुन्हा त्यांच्या पडावं लागलं, नाहीतर आधीचं कशाचं म्हणून सांगणार? तेवढ्यात हे बँकेतून आले. ह्यांना काही कळलं नाही, पण मागे राहायला नको म्हणून हेही वाकले. तू हसू नकोस ताई, माझा जीव जात होता.

त्याचा परिणाम असा झाला की उपेंद्रराव भेटेल त्याला सांगत सुटले, असं घर मिळायला पूर्वपुण्याई लागते, विहीणबाईंना मानाचा म्हणून गर्व नाही. शिवाय त्यांची जुनी पाठदुखी त्या गोधडीखाली थांबली. (थांबणारच. तिच्याखाली हलताच येत नाही.) आणि निघायच्या दिवशी कल्पनाताई लाजत लाजत म्हणाल्या, मी कधी कोणाकडे काही मागत नाही, पण ही गोधडी आठवण म्हणून देता का? नागपूरच्या उन्हाळ्यात गोधडी! मी सुखदाकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे आधीच गोधडीची घडी घालत होते. मी म्हटलं, न्या की, तुमचीच आहे. दुसरं काय म्हणणार? निघण्याआधी घरीच बॅगा तोलल्या आणि विमानासाठी वजन जास्त व्हायला लागलं तेव्हा त्यांनी गोधडी ठेवली आणि बाकीचं काढलं. त्यामुळे त्यांची एक बॅग, दोन शाली, इथून घेतलेले म्हैसूरपाकाचे डबे आणि उपेंद्ररावांचे चालायचे बूट आता माझ्या त्या आवरलेल्या कपाटात आहेत.

तर सांगायचं ते इतकंच, की लुगडं सुखरूप आहे, घरच्याच माणसांत आहे, आणि तुझ्यापासून फार लांबही नाही. भावोजींना नमस्कार. सिद्धीला आशीर्वाद, आणि तिला यातलं काही कळू देऊ नकोस, तिने या दिवसांत इतकं हसणं बरं नव्हे.

तुझी,
सुनंदा

ता. क. कल्पनाताईंचं घर त्रिमूर्तीनगरात आहे, तुझ्याकडून रिक्षाने जाशील. येत्या शनिवारी सिद्धीच्या निमित्ताने सहज म्हणून जा, सोबत डब्यात आमटी ने. गोधडी दाखवा ना, खूप ऐकलंय, असं म्हण. दाखवली की आमटी सांड. मग अगदी ओशाळी हो (तुला जमेल, लहानपणी तू सगळं माझ्यावर ढकलून असाच चेहरा करायचीस) आणि मीच धुऊन आणते म्हणून हट्टाने घरी घेऊन ये. लुगडं फलकाच्या लगेच खाली आहे. काढल्यावर वजन कमी वाटू नये म्हणून भावोजींचा लग्नातला सूट आत घाल. त्यात ते आता काही मावत नाहीत.

ता. क. दुसरं. पाकीट बंद करणार तोच कल्पनाताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, त्यांची आई त्या लहान असतानाच गेली, माहेरची गोधडी अशी त्यांना कधी मिळालीच नाही. आता रोज ही पांघरतात आणि कोणीतरी जवळ असल्यासारखं वाटतं म्हणे, पंखा जोरात लावून का होईना पण पांघरतात. फोन ठेवून ओट्याशी उभी राहून रडले. ताई, राहू दे गं. आईला कोणाला ऊब दिलेलीच आवडली असती. बाळाला माझ्या एखाद्या मऊ साडीत घेऊ. शनिवारी जाऊ नकोस.

ता. क. तिसरं. चहा घेऊन वरचं पुन्हा वाचलं. कल्पनाताईंचं सगळं खरं, आणि त्यांना मी दुसरी गोधडी शिवून देईन, खरोखर कोऱ्या कापडाची, ह्यांना घराबाहेर पाठवून. पण आई आपली आहे. शनिवारी जाच. आणि आमटी चांगली पातळ कर, घट्ट असली तर त्या चमच्याने उचलून मोकळ्या होतील.