तांडेलाचे तीन दिवे

१३ जुलै, रविवार
आजपासून नवा प्रोजेक्ट. उन्नतीच्या कपाटात मॉडेलचं खोकं सापडलं. होडीचं सुकाणू धरून उभा असलेला म्हातारा तांडेल, वीतभर उंच. हुबेहूब आपले आबा दिसतात म्हणून पोरीने मागवला होता. रंगवला, मग अर्धवट सोडला. तांदळाच्या कणीएवढे LED पाकिटात तसेच पडलेत. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. ते आता मी लावणार. नारळी पौर्णिमेला ती येईल, होडी बघेल, विषय क्लोज.
येणारच. फेब्रुवारीपासून आमचं बोलणं नाही, पण पौर्णिमा तिने कधी चुकवलेली नाही. मी एवढंच म्हणालो होतो की त्या तलासरीच्या प्रवीणशी लग्न करायचं असेल तर या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू नकोस. रागात माणूस बोलतो. इतकं कोण धरून बसतं?

१५ जुलै
मैना म्हणते, दिवे कसले लावता, त्यापेक्षा पोरीला एक फोन लावा. आमच्या बायकोला टेक्निकल गोष्टींची आवड नाही. बापाने आधी फोन केला तर तो बाप कसला!
मोबाइल रिपेअरवाल्या लक्ष्याकडून सोल्डरिंग आयर्न आणलं. मीच करून देतो, काका, म्हणाला. नको म्हटलं. बर्फाच्या फॅक्टरीचे कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्याला तीन दिवे जड नाहीत.

२० जुलै, रविवार
सोल्डरिंगला सुरुवात. आयर्न तांडेलाला किंचित लागलं. नाक गेलं. लांबून कळत नाही. प्लास्टिकच हलकं आहे.

२३ जुलै
पाऊस, लाइट नाही, काम बंद. उन्नती लहान असताना आबा तिला घेऊन किनाऱ्यावर बसायचे. अंधारात बोटीचे दिवे ओळखायचा दोघांचा खेळ. लाल-हिरवा दोन्ही दिसले की बोट घराकडे तोंड करून येतेय. नुसता पांढरा दिसला की पाठ फिरवली, चालली. मला बोट लागते, त्यामुळे वडिलांसारखा, आबांसारखा मी कधी तांडेल झालो नाही. पण पोरगी एकदाही चुकायची नाही. येतेय, येतेय, करून उड्या मारायची आणि मी तिच्याकडेच बघत बसायचो.
घसा भरून आलाय. हवा खराब आहे.

२ ऑगस्ट
मैनाने आज भाकरी थापता थापता सांगितलं की उन्नतीने जूनमध्येच रजिस्टर लग्न केलं. साक्षीदाराची सही करायला मैना स्वतः गेली होती. मला सांगून गेली होती रानशेतला बहिणीकडे जाते म्हणून.
जेवलो नाही. पोट जड होतं.
एका अर्थी बरंच झालं. लग्न झालं म्हणजे भांडणाचं कारणच संपलं. आता फक्त दिवे राहिले.

४ ऑगस्ट
छोट्या सेलवर दिवे मिणमिणत होते. सेलमध्ये दम नाही, असं निदान केलं आणि चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी लावली. काय चमकले! मैनाला हाक मारली. ती हात पुसत येईपर्यंत तिन्ही गेले. डुप्लिकेट माल.

८ ऑगस्ट
लक्ष्याने वापीहून नवे दिवे आणून दिले. दिव्याला सुलटी-उलटी बाजू असते, आधी तपासा, म्हणाला. सगळे हल्ली शिकवायला बसलेत. स्विच बसवायला वेळ नाही. सेल आत टाकून वरची फळी सुपरग्लूने कायमची बंद करणार. एकदा लागल्यावर बंद कशाला करायचे?

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा, सकाळी
आली! मैना नाक्यावरून घेऊन आली. म्हणत नव्हतो मी? आता मी आतल्या खोलीत, शेवटची वायर जोडतोय.

थोड्या वेळाने
मैना सांगून गेली, पोरगी पायरीवर उभी आहे, हातात नारळ आहे. आत येत नाही. बाबांनी 'ये' म्हटलं तरच येईन म्हणते. म्हटलं, पाच मिनिटं थांबव. आधी दिवे. नुसतं जाऊन मी बोलणार काय?

आणखी थोड्या वेळाने
दोन बोटं फळीला चिकटलीत. डाव्या हाताने लिहितोय. मैना परत येऊन गेली. पाच मिनिटं म्हटलं.

दुपारी
लागला. होडी घेऊन दारापर्यंत धावलो. पायरीवर नारळ होता. रिक्षा गेली होती. मैना म्हणाली, पाऊण तास उभी होती, मग म्हणाली, बाबांना काम दिसतंय.
होडीकडे तेव्हा नीट बघितलं. लागला होता तो फक्त मागचा. लाल-हिरवा उलटे बसलेत.

१० ऑगस्ट
फार वाईट वाटतंय. हवा चांगली आहे.
पांढरा दिवा रात्रभर चालू होता, अजून आहे. मैना म्हणाली, बंद करा तो, मला बघवत नाही. बंद कुठून करणार!
पायरीवरचा नारळ तिने उचललेला नाही. तुमच्यासाठी ठेवलाय, तुम्हीच उचला, म्हणते.
संध्याकाळी दारात उभा राहून एकदा 'ये' म्हणून बघितलं. आवाज अगदी नीट निघाला. मग नारळ उचलून आत आणला.