ताकद येतेय म्हणाले होते

प्रिय तात्या,

आज दहावीच्या वर्गावर मी शिकवता शिकवता थांबले. फळ्यावर चार इंग्रजी शब्द लिहिले होते: सपोर्ट, स्ट्रेन्थन, रीइन्फोर्स, फॉर्टिफाय. चारही बळ देण्याचेच, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. दरवर्षीचा धडा. तरी पहिल्याच शब्दाचा अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि खडू खाली ठेवला. मुलांना वाचत बसायला सांगितलं आणि स्टाफरूममध्ये येऊन हा कागद पुढ्यात ओढला. दोन महिने झाले तुम्हाला जाऊन. इतके दिवस लिहायचं टाळत होते.

हे शब्द मला तुमच्याच बागेत कळले, आठवतं? मी बी.एड.ला होते. कळस गावातल्या आपल्या डाळिंबाच्या बागेत येरझाऱ्या घालत पाठ करत होते आणि तुम्ही फांद्यांना बांबू बांधत होता. "समद्यांचा अर्थ ताकद देनं, मग चार शबुद कशाला केलं?" तुम्ही विचारलंत. मला कुठं माहीत होतं? मी नुसती घोकत होते.

मग तुम्हीच म्हणालात, "ह्यो बांबू लावला म्हनून फांदीत ताकद येती व्हय? फळाच्या वझ्यानं मोडू नये, एवढंच त्याचं काम. ताकद येती ती खतानं, मुळातनं." झालं. बांबू म्हणजे सपोर्ट, खत म्हणजे स्ट्रेन्थन. स्लॅब भक्कम व्हावा म्हणून आत घालतात ती सळई, म्हणजे रीइन्फोर्स. पुस्तकात इतकं स्वच्छ कुणीच लिहिलं नव्हतं.

चौथा शब्द पुढं रेशनच्या तांदळाबरोबर घरी आला. त्यात जीवनसत्त्वं घातलेले दाणे मिसळलेले असायचे आणि आई ते प्लास्टिकचे समजून निवडून कोंबड्यांना टाकायची. हे फॉर्टिफाय केलेलं धान्य आहे, बाहेरून कस घातलाय, असं मी दहादा सांगितलं. तिला पटेना. शेवटी तुम्ही ताट पुढं ओढलंत. "आमची मास्तरीण म्हनतीया न्हवं? मग वाढ."

असा तुमचा माझ्यावर विश्वास. ठिबकच्या मोटारीचं माहितीपत्रक असो की फवारणीच्या बाटलीवरची चिठ्ठी, इंग्रजी दिसलं की कागद घडी करून माझ्यासाठी ठेवायचात. दुसऱ्या कुणी अर्थ सांगितला तरी म्हणायचात, नंदी आली की बघू.

आणि मग बारामतीचा तो दवाखाना. तुमच्या किडन्या थकलेल्या. रोज सकाळी तुमचं एकच, "मला घरी न्हे. बहार धरलाय, कळी सुटली असंल." मी रोज उद्यावर ढकलायचे.

त्या सोमवारी डॉक्टरीणबाई तुमच्या खाटेशीच माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. आता फक्त सपोर्ट चालू आहे, शरीर सुधारणार नाही, घरी न्यायचं असेल तर आजच न्या, असं म्हणाल्या. त्या गेल्या आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "काय म्हनाल्या?"

मी म्हणाले, "औषधानं ताकद येतीय म्हणाल्या."

तात्या, दोन्ही शब्दांतलं अंतर मला माहीत होतं. वर्गात त्यावर अर्धा तास बोलते मी. माहीत असून मी एकाच्या जागी दुसरा ठेवला. का? तुमचे डोळे बघून जीभ वळेना म्हणून. आणि खरं सांगायचं तर, मी एकदा तसं म्हटलं की ते तसं होईल, असंही वाटलं. पोरकटपणाच की नाही?

"मग बरं," तुम्ही म्हणालात. "अंगात ताकद आली की जाऊ." त्यानंतर घरी न्यायला एकदाही सांगितलं नाहीत. अळणी खिचडी मुकाट खाल्लीत. हाताला सुई टोचताना नर्सला म्हणालात, "टोच बाय, गुण येतोय." मी शेजारी बसून ऐकत होते. मंगळवारी सांगू, बुधवारी सांगू, करत राहिले. गुरुवारी सकाळी तुम्ही गेलात.

"तात्या, आता नुसता बांबू राहिलाय," एवढं म्हटलं असतं तरी तुम्हाला कळलं असतं. तुम्ही घाबरला नसता. चप्पल मागितली असती आणि निघाला असता. हे मला आज कळतंय, आणि आज कळून काय उपयोग?

तुमचाही थोडा राग येतो. मंडईतल्या व्यापाऱ्यानं भाव सांगितला तर तुम्ही चार जणांना विचारून खात्री करायचात. माझं तेवढं एका शब्दावर का मानलंत? की तुम्हाला कळलं होतं आणि माझ्यासाठी गप्प बसलात? हे कुणाला विचारू मी आता?

आई भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, "घरी यायचं लई मनात हुतं त्यांच्या. डाक्टरांनी सोडलंच न्हाय." मग त्या डॉक्टरीणबाईंना शिव्याशाप देते. मी शेजारी बसून पाण्याचे पेले भरत राहते. खरं ऐकल्यावर तिचं काय होईल, ती माझ्याशी बोलेल का, मला माहीत नाही. बोलली नाही तर काय करायचं, तेही सुचत नाही.

तरी तात्या, तुम्हाला शब्द देते. येत्या रविवारी कळसला जाईन आणि तिला सांगेन. डॉक्टर सोडत होते. गाडी खाली उभी होती. तासाभराची वाट होती. मीच आणलं नाही.

तुमची,
नंदी