मुकादम तीनदा, ठिपकी एकदाही नाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कमरेमुळे आठांपैकी पाचच अंगं टेकतात, उरलेली तीन मनातल्या मनात टेकली आहेत.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींची झोप आणि त्यांचं घोरणं दोन्ही पूर्ववत असेल असं धरून चालतो. माझं ठीक आहे. फोन मात्र बिघडलाय, दहा महिने झाले, त्यामुळे तुझे फोन उचलले जात नाहीत. तू त्यावरून माझं नाव टाकलं आहेस, असं मामीकडून कळलं. रागव, पण आधी मांजरांचं ऐक.

आईचं दिवसकार्य उरकून तू इथून परत गेलीस, त्याच संध्याकाळी जिन्याखालची सहाच्या सहा मांजरं दारासमोर येऊन बसली आणि माझ्याकडे अशी बघू लागली, की जणू मी कामावर उशिरा आलोय. तेव्हापासून त्यांचं खाणंपिणं माझ्या गळ्यात आहे. तक्रार नाही. पण पावणेदोन महिन्यांपूर्वी सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात कागद लावला : मांजरांची पैदास दोन महिन्यांत थांबली नाही, तर सगळी गाडीत घालून गावाबाहेर सोडण्यात येतील. (कागदात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. छापखान्यात जन्म गेलेला मी, आधी त्या सुधारल्या आणि मग घाबरलो.) आईने बारा वर्षं सांभाळलेली मांजरं माझ्या हातून दहा महिन्यांत देशोधडीला लागणार, हे काही मला सहन होईना.

मग मदत शोधायला निघालो. पहिल्या नंबरावर साप पकडणारे गृहस्थ निघाले. भला माणूस, पण मांजर बोचकारलं तर काय करायचं, हे त्यांनी मलाच विचारलं. (हे फोन शेजारून केले.) पालिकेच्या कचेरीत मांजरांचा फॉर्मच नव्हता. कारकुनाने कुत्र्यांचा दिला आणि जिथे जिथे कुत्रा आहे तिथे खोडून मांजर करा म्हणाला. केलं. त्यात ‘अनोळखी माणसावर भुंकतो काय’ असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे ‘नाही, दुर्लक्ष करते’ असं भरलं. फॉर्म ‘माहिती अपुरी’ म्हणून परत आला.

अशी तीन आठवडे पायपीट झाल्यावर एक दिवस खाद्याच्या डब्याचं झाकण धुवायला घेतलं, तर आतल्या बाजूला आईच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. पिंजरा खालच्या शिंपीणबाईंकडे. ऑपरेशनचे डॉक्टर दर गुरुवारी, माझं नाव सांगणे. मांजर आजारी पडलं तर शाळेमागच्या नर्सबाई. आणि अगदी खाली : धाकटा झाकण कधी धुणार नाही, म्हणून एक प्रत शिंपीणबाईंकडे. दिवसातून दोनदा उघडत होतो गं तो डबा. शिंपीणबाईंना विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत, तर म्हणाल्या, “आई जातायेता दोन शब्द बोलायच्या. तुम्ही मान खाली घालून जाता, हाक कशी मारणार?”

पिंजरा आणला. पहिल्या बुधवारी त्यात मुकादम हा बोका सापडला. डॉक्टरांनी त्याचा कान दाखवला : टोक कापलेलं, म्हणजे ऑपरेशन आधीच झालेलं. (मी ती मारामारीची खूण समजत होतो आणि त्याला मान देत होतो.) दुसऱ्या बुधवारी मुकादम. तिसऱ्या बुधवारीही मुकादमच, आता तो पिंजऱ्यात जेवून निवांत अंग चाटतो. बघितलं तर बाकीच्यांचेही कान तसेच कापलेले. राहिली आहे ती एकटी ठिपकी, आणि नेमकी तीच माझ्या वाऱ्याला उभी राहत नाही. आपण मैदानात खेळत असायचो तेव्हा आई गॅलरीतून हाक मारायची ना, “चला रेऽ, हातपाय धुवाऽ”, मांजरांनाही ती तीच हाक मारायची. तू सासरी गेलीस, मी छापखान्यात रात्रपाळी करू लागलो, हाक मोकळी झाली, ती पुढे मांजरांना मिळाली. मीही मारून पाहिली. पण तीस वर्षं यंत्राच्या वर आवाज काढलेला माझा गळा, पाच मांजरं पळाली आणि सेक्रेटरी मात्र बाहेर आले.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुझा आवाज हुबेहूब आईचा आहे. पुढच्या बुधवारी संध्याकाळी सहाला फोन कर, मी तो पिंजऱ्याजवळ ठेवतो, तू फक्त ती हाक मार. मुदतीतला तो शेवटचा बुधवार आहे. तोवर फोन दुरुस्त होईल.

ता. क. २, शुक्रवार. पाकीट टेबलावरच राहिलं होतं. परवा शिंपीणबाईंनी पिंजऱ्यात आईची मासळीची पिशवी ठेवली (शिवायला टाकलेली, न्यायची राहून गेलेली) आणि ठिपकी पाच मिनिटांत आत. काल ऑपरेशन झालं, कानाचं टोक कापलं, सेक्रेटरींनी कागद स्वतः काढला. तेव्हा मांजरांसाठी फोनची गरज उरली नाही. आणि फोन कधी बिघडलाच नव्हता, ताई. तू ‘हॅलो’ म्हणतेस तेव्हा वाटतं, आईच म्हणते, मग माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून उचलत नव्हतो.

तरी येत्या बुधवारी सहाला कर. मी हातपाय धुऊन बसतो.